दाखला हिऱ्याचा आणि माणसाचा

‘देश ही काही धर्मशाळा नव्हे’ हे वाक्य २०२५ साली दोनदा कानांवर आले. मार्च महिन्यात परकीय नागरिकांविषयीच्या नव्या विधेयकावर लोकसभेत बोलताना गृहमंत्री अमित शहा यांनी ते उच्चारले, आणि मे महिन्यात श्रीलंकेतून आलेल्या एका तमिळ माणसाच्या अर्जाची सुनावणी चालू असता सर्वोच्च न्यायालयाच्या पीठावरूनही त्याच अर्थाचे उद्गार निघाले. वाक्य सुटसुटीत आहे, चटकन पटते, आणि आपल्यासारख्या जुन्या घरांतून तर ते विशेषच मान डोलावून ऐकले जाते. मला मात्र ते ऐकून धर्मशाळेचीच बाजू घ्यावीशी वाटली. वाटेल त्याने यावे, वाटेल तितके राहावे आणि कोणी काही विचारू नये, अशी धर्मशाळा निदान आपल्या वाडवडिलांनी तरी बांधलेली नव्हती.

धर्मशाळेला दस्तूर असे. दाराशी कारकून बसलेला असे, त्याच्यापुढे वही असे. नाव, गाव, कोठून आलात, कोठे निघालात, हे तो लिहून घेई. ठरलेल्या दिवसांच्या वर मुक्काम करायचा तर व्यवस्थापकांची परवानगी लागे. दंगा करणाऱ्याला बाहेरची वाट दाखवीत. पण रात्री-अपरात्री पावसात भिजून कोणी दाराशी आला, बरोबर बायकोमुले असली, तर त्याला आधी ओसरीवर घेत आणि मग वही उघडीत. नाव विचारू नये असे कोणाचेच म्हणणे नव्हते. फक्त कोणती गोष्ट आधी करायची हे ठरलेले होते. माझी तक्रार देश धर्मशाळा झाला अशी नसून आपल्या देशाकडे ती वहीच नाही, अशी आहे.

वही नाही म्हणजे काय, हे थोडे उलगडून सांगितले पाहिजे. निर्वासितांविषयीचा १९५१ चा जागतिक करार आपण मान्य केलेला नाही, आणि १९६७ ची त्याची पुरवणीही नाही. इंग्रजांनी जाता जाता करून ठेवलेला १९४६ चा परकीयांविषयीचा कायदा आपण पाऊणशे वर्षांहून अधिक काळ चालवला. तो आणि त्याच्या सोबतचे आणखी तीन कायदे रद्द होऊन १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा अमलात आला. त्यात पासपोर्टावाचून आत आलेल्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे, व्हिसाची मुदत संपल्यावर राहिलेल्याला तीन वर्षांपर्यंत आहे, शिवाय लाखांतले दंड आहेत. परंतु ‘निर्वासित’ कोणाला म्हणावे, त्याने अर्ज कोठे करावा, तो कोणी ऐकावा, हे जुन्या कायद्यात नव्हते आणि नव्यातही आलेले नाही. चैन म्हणून चार महिने जास्त राहिलेला प्रवासी आणि घर जळाले म्हणून परत न जाऊ शकणारा माणूस हे दोघे या कायद्याच्या लेखी एकाच मापाचे.

काहींना सरकारने या मापातून वेगळे काढले आहे, आणि ते योग्यच केले आहे. तिबेटी आहेत, श्रीलंकेचे नोंदलेले तमिळ आहेत, पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान या तीन देशांतून छळामुळे आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती आहेत. त्यांच्यासाठी २०२५ च्या त्याच सप्टेंबरात सवलतीचा हुकूम निघाला. सुदान, सोमालिया, काँगो, इथिओपिया या देशांतल्या युद्धांतून सुटून जो कोणी इकडे येऊन पडला असेल, त्याला मात्र या हुकुमात जागा नाही. त्याने दिल्लीला संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कचेरीत जावे, तेथे मुलाखत द्यावी, आणि मिळाले तर एक कार्ड घ्यावे. त्या कार्डाला आपल्या कायद्यात नाव नाही. पोलीस त्याचा मान ठेवतील किंवा ठेवणार नाहीत. डिसेंबर २०११ मध्ये गृहखात्याने एक कार्यपद्धती ठरवून दिली होती. ज्याची भीती खरी ठरेल त्याला दीर्घ मुदतीचा व्हिसा द्यावा, त्यावर त्याला शिकता आणि खाजगी नोकरी करता यावी, असे त्यात होते. पद्धत चांगली, पण ती खात्याची सूचना आहे, कायदा नव्हे. खात्याची मर्जी फिरली की सूचनाही फिरते.

हा प्रश्न मी आफ्रिकेच्या माणसांपुरता का मांडतो, असे कोणी विचारील. मी सुरतेत राहतो, गाणे शिकवतो. आणि सुरतेत राहून आफ्रिकेशी आपला संबंध काय, असे विचारणे हे तापीच्या काठी राहून पाण्याशी संबंध काय असे विचारण्यासारखे आहे.

सुरतेच्या दक्षिणेस सचीन आहे. आज ते नाव उद्योग वसाहतीमुळे आणि रेल्वेच्या स्टेशनामुळे माहीत असते. १९४८ पर्यंत तेथे एक छोटे संस्थान होते, आणि त्याचे नवाब सिद्दी, म्हणजे आफ्रिकी वंशाचे होते. हे संस्थान सुरतेच्या शेजारी आले कसे, ही कथा आपल्या मराठी घरांतून माहीत असायला हवी, कारण ती निम्मी आपलीच आहे.

जंजिऱ्याच्या सिद्दीशी मराठ्यांचे वैर शंभर वर्षांहून जुने. शिवाजी महाराजांना जंजिरा घेता आला नाही, संभाजी महाराजांना आला नाही, पेशव्यांनाही नाही. सुरतेच्या बंदरात याच सिद्दीचे आरमार मोगलांच्या तनख्यावर नांगरलेले असे. अशा घराण्यात १७८४ साली नवाब सिद्दी अब्दुल रहीम वारला आणि गादीचा तंटा लागला. सिद्दी जौहराने किल्ला बळकावला. वारसा सांगणारा अब्दुल करीम, ज्याला बाळूमिया म्हणत, तो जीव वाचवून आपल्या माणसांसह पळाला. पळून कोठे गेला? पुण्याला. ज्यांच्याशी त्याच्या वाडवडिलांनी पिढ्यान् पिढ्या लढाया केल्या, त्या पेशव्यांच्या दारी तो आश्रयाला आला. पेशवाईचा कारभार तेव्हा नाना फडणिसांच्या हाती होता. १७९१ साली तह झाला: बाळूमियाने जंजिऱ्यावरचा आपला हक्क पेशव्यांना लिहून दिला आणि त्याच्या बदल्यात त्याला सुरतेजवळचा सचीनचा मुलूख मिळाला.

यात निव्वळ दया होती असे मी म्हणणार नाही. राजकारणात निव्वळ दया कुठे असते? पुण्याला जंजिरा हवा होता, आणि त्याचा एक दावेदार आपण होऊन दारी आला होता. पण पुढचे पाहा. जंजिरा काही पेशव्यांच्या हाती लागला नाही, कधीच लागला नाही. सौदा एका बाजूने फुकट गेला. तरी सचीन परत घेतले गेले नाही. बाळूमियाचे वंशज तेथे दीडशे वर्षांहून अधिक नांदले. शरण आलेल्याला दिलेला कागद मोडला गेला नाही, आणि हे घडले ते हाडवैऱ्याच्या बाबतीत. नाना फडणीस हा काही भोळा माणूस म्हणून इतिहासात प्रसिद्ध नाही.

त्या सचीनने या देशाला काय दिले असा हिशेब कोणी मागितलाच, तर माझ्या धंद्याशी लागून असलेली एक रक्कम मांडतो. १९३१ साली आर्देशीर इराणी यांचा ‘आलम आरा’ हा आपल्याकडचा पहिला बोलपट आला. त्याची नायिका जुबेदा. जन्म सुरतेचा, आणि सचीनच्या नवाबाची मुलगी म्हणून ती ओळखली जाते. तिची आई फातमा बेगम ही आपल्याकडची पहिली स्त्री दिग्दर्शिका. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज शिल्लक नाही, याची हळहळ गाणे शिकवणाऱ्या माणसाला वाटायचीच. पण हिंदुस्थानचा पडदा ज्या चित्रापासून बोलू-गाऊ लागला, त्याच्या नायिकेचे नाते अशा प्रकारे आफ्रिकेच्या किनाऱ्याला जाऊन पोचते.

नवाबांचे सोडा. भरूच जिल्ह्यात झगडिया तालुक्यात रतनपूरच्या टेकडीवर बावा गोरचा दर्गा आहे, अकीकाच्या खाणींजवळ. तेथे सिद्दी लोक जमून ‘गोमा’ करतात. पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली भाषेत ढोलाला आणि ढोलावरच्या नाचाला ‘न्गोमा’ म्हणतात. शब्द समुद्र ओलांडून आला आणि जवळजवळ तसाच राहिला. पाय असलेला उभा ‘मुगरमान’ ढोल आणि भोपळा बांधलेले धनुष्यासारखे एकतारी ‘मलुंगा’ ही वाद्ये ज्याने ऐकली नाहीत त्याने गुजरातचे संगीत पुरते ऐकले असे मी मानत नाही. आमच्या तालाच्या हिशेबात न बसणारी एक झुकती चाल त्यात असते. तबलजींना पहिल्या प्रथम ती चुकीची वाटते आणि मग हेवा वाटू लागतो.

हे सारे लोक निर्वासित म्हणून आले असे मात्र कोणी समजू नये. पुष्कळांना गुलाम म्हणून आणले, विकले. मलिक अंबर असाच इथिओपियातून विकला जात जात दक्षिणेत आला आणि निजामशाहीचा वजीर झाला; आपल्या गनिमी काव्याच्या जाणकारांना त्याचे नाव वेगळे सांगायला नको. आपण आफ्रिकेची माणसे विकत घेतली तेव्हा ती चालली, लढायला ठेवली तेव्हाही चालली. आज ती आपल्या पायांनी, जीव घेऊन दारी आली तर चालत नाहीत, एवढाच फरक.

आता सुरतेच्या आजच्या पोटापाण्याकडे येतो. जगातल्या दहा हिऱ्यांपैकी नऊ सुरतेत घासले जातात असे सांगतात. डिसेंबर २०२३ मध्ये खजोदला हिरे बाजाराची जी अवाढव्य इमारत उघडली, ती पाहायला परगावचे पाहुणे आवर्जून येतात. पण सुरतेच्या जमिनीत हिरा नाही. दगड येतो तो मोठ्या प्रमाणावर आफ्रिकेतून: बोट्‌स्वाना, अंगोला, काँगो, दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे. विसाव्या शतकाच्या अखेरीस अंगोला, सिएरा लिओन आणि काँगो येथे याच दगडांच्या पैशांवर बंडखोरांनी बंदुका घेतल्या, माणसांचे हात तोडले, गावे उठवली. जगाची थोडी लाज जागी झाली आणि २००३ पासून ‘किंबर्ली’ नावाची पद्धत सुरू झाली. कच्च्या हिऱ्यांच्या प्रत्येक पुडक्याबरोबर त्या त्या सरकारचा दाखला लागतो, पुडके मोहोरबंद लागते, हा माल बंडखोरांच्या हातचा नाही अशी ग्वाही लागते. आपला देश या पद्धतीत पहिल्यापासून आहे. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात २०१३ साली लढाई पेटली, तेव्हा तेथल्या हिऱ्यांचा व्यापार थांबवण्यात आला आणि ती बंदी पुरती उठायला २०२४ उजाडले.

या पद्धतीत भोके आहेत, ती व्यापारीही खाजगीत कबूल करतात. तरी दगड युद्धातून आला की शांततेतून, हे विचारण्यासाठी ८० च्या वर देश एकत्र बसले, नमुने ठरले, शिक्के कोरले गेले, अधिकारी नेमले गेले. आणि सुरतेच्या व्यापाऱ्यानेही कुरकूर न करता ते कागद सांभाळले. मग त्याच खाणीच्या गावातून पळालेला माणूस आला, तर तू युद्धातून आलास काय, हे त्याला विचारायला आपल्याकडे एक टेबल आणि एक खुर्ची का असू नये? दगडाला जो प्रश्न विचारता येतो तो माणसाला विचारता येत नाही, असे तर नाही. दगडाला उत्तर देता येत नाही, माणसाला येते.

माझ्या वर्गात काही काळ एक सुदानी विद्यार्थी पेटी शिकायला येत असे. कॉलेजात शिकायला आला होता, पेटी हौसेने शिके. भूप घेतला त्या दिवशी मी आरोह सांगायच्या आत तो अवरोहासकट गाऊन मोकळा झाला. त्यांच्याकडची गाणी बहुतेक पाच सुरांचीच. त्याला तो राग म्हणजे घरचाच वाटला. १५ एप्रिल २०२३ ला खार्तुममध्ये दोन सेनापतींची लढाई जुंपली. घरून पैसे यायचे थांबले, मग घरच राहिले नाही. पासपोर्टाची मुदत संपत आली, तेव्हा ज्या कचेरीत तो व्हिसा वाढवून घ्यायला गेला, तेथे त्याला सांगण्यात आले की आधी आपल्या सरकारकडून नवा पासपोर्ट आणा. ते सरकार त्या वेळी राजधानी सोडून पोर्ट सुदानला जाऊन बसले होते. त्याने तीन-चार खेटे घातले. कोणी त्याच्याशी वाईट बोलले नाही. कारकुनालाही त्याची दया येत होती. पण कारकुनाकडे दयेचा फॉर्म नव्हता. शेवटी दंड आणि कोठडी यांच्या भीतीने तो हा देश सोडून युगांडाला गेला. तेथे गेल्यावर नोंदणी झाली आणि कागद मिळाला, असा त्याचा निरोप आला.

युगांडा! हे नाव ऐकले की गुजरातेतल्या कित्येक घरांत अजून सुस्कारा ऐकू येतो. ४ ऑगस्ट १९७२ ला ईदी अमीनने तेथल्या हिंदी लोकांना ९० दिवसांत चालते होण्याचा हुकूम सोडला. दुकाने, गिरण्या, घरे टाकून लोक निघाले. एकट्या ब्रिटनने २७,००० च्या वर माणसे घेतली, कॅनडाने हजारो घेतली, काही येथे परतली, काही कोणत्याच देशाची न राहिल्याने युरोपातल्या छावण्यांत पडली. तेव्हा ब्रिटनमध्येही ‘आता जागा नाही’ असे मोर्चे निघाले होते, आणि लेस्टरच्या नगरपालिकेने तर ‘आमच्या गावी येऊ नका’ अशी जाहिरात युगांडातल्या पत्रात दिली होती. आले ते आलेच, आणि आज लेस्टरची दिवाळी पाहायला लोक लांबून जातात. त्याआधी १९६४ मध्ये झांझिबारला उठाव झाला, तेव्हा तेथून जी पारशी कुटुंबे इंग्लंडला पळाली, त्यांत बुलसारा नावाचे एक होते. आडनाव आपल्या बुलसारचे, म्हणजे आजच्या वलसाडचे. मुलगा फरोख पाचगणीच्या शाळेत शिकून गेलेला. पुढे तो फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगभर गायला. त्याचे गाणे माझ्या पंथाचे नाही, पण गळा होता हे मान्य केलेच पाहिजे.

आणि आज तोच युगांडा काय करतो? १७ लाखांच्या वर निर्वासित त्याने ठेवून घेतले आहेत, आफ्रिकेत सर्वांत अधिक. २००६ च्या त्यांच्या कायद्याने निर्वासिताला काम करता येते, फिरता येते, वसाहतीत कसायला जमिनीचा तुकडा मिळतो. आफ्रिकेच्या राष्ट्रांनी १९६९ साली आपसांत करार केला आणि निर्वासिताची व्याख्या जगाच्या कराराहून रुंद केली: एकट्यादुकट्याचा छळ व्हायला पाहिजे असे नाही, युद्धाने प्रांत उद्ध्वस्त झाला असेल तरी तेथून पळालेला माणूस निर्वासितच. ही व्याख्या श्रीमंतांनी केलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात पोलंडची हजारो बायकामुले टांगानिका व युगांडाच्या छावण्यांत वाढली. त्याच वेळी आपल्याकडे नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला पोलिश मुलांना ठेवून घेतले होते आणि कोल्हापूर संस्थानात वळिवडे येथे सुमारे ५,००० पोलिश माणसे १९४३ ते १९४८ पर्यंत राहिली. संस्थानी दरबारांवर टीका करण्याजोगे पुष्कळ होते, दरबारी गवयाच्या घरात वाढलेल्या मला ते ठाऊक आहे. पण युरोपच्या पोरांना भाकरी द्यायला त्यांनी कोणत्या कलमाखाली असे विचारले नाही.

पोलंडची पोरे गोरी होती, असे कोणी पुटपुटेल. तेच मला म्हणायचे आहे. आपल्या घरांतून ‘हबशी’ हा शब्द कसा वापरतात हे सर्वांना माहीत आहे. शब्द आला अबिसीनियाच्या अरबी नावावरून. इसवी सन ६१५ च्या सुमारास मक्केत छळ झालेले पहिले मुसलमान समुद्र ओलांडून याच हबशांच्या ख्रिस्ती राजाकडे आश्रयाला गेले. मक्केच्या सावकारांनी माणसे परत मागायला वकील पाठवले आणि राजाने ती परत दिली नाहीत. ज्या नावाने आपण हिणवतो ते नाव शरणागताला न सोडणाऱ्यांचे आहे.

विरोधकांचे म्हणणे मी उडवून लावीत नाही. आपली लोकसंख्या मोठी, गरिबी मोठी. सुरतेत उधना, लिंबायत भागांत खानदेशातून आलेला आपलाच मराठी माणूस लूमवर बारा तास उभा आहे. हिऱ्याच्या मंदीने २०२२ पासून रत्नकलाकारांची घरे बसली आहेत. त्यात परक्याला कोठे घेणार? तर पहिली गोष्ट, लोंढा येणार ही भीती नकाशा पाहिला तर राहत नाही. जगातल्या १०० निर्वासितांपैकी सुमारे ७० शेजारच्या देशातच थांबतात. सुदानच्या युद्धाने एक कोटीहून अधिक माणसे घराबाहेर काढली, ४० लाखांच्या वर सरहद्दीपार गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये एल फाशर पडले तेव्हा आणखी निघाली. ती चाडमध्ये आहेत, इजिप्तमध्ये आहेत, दक्षिण सुदानमध्ये आहेत. हिंदी महासागर ओलांडून दिल्ली, हैदराबाद, पुणे येथे पोचलेला माणूस विरळा, आणि तोही बहुधा विद्यार्थी म्हणून किंवा औषधोपचारासाठी आधीच आलेला. दुसरी गोष्ट, तो भाकरी मागत नाही. भाकरी मिळवायची मोकळीक मागतो. कागद नसलेला माणूस चोरून, निम्म्या मजुरीवर राबतो, आणि त्यानेच आपल्या लूमवाल्याची मजुरी पडते.

राहिली सुरक्षितता. काही आफ्रिकी माणसे अमली पदार्थांच्या धंद्यात सापडली आहेत. ती सापडावीत आणि शिक्षा भोगावी. मात्र ज्याची नोंद आहे, बोटांचे ठसे आहेत, पत्ता आहे, त्याच्यावर पोलिसांना नजर ठेवता येते. जो पत्रा ठोकून मागल्या खोलीत लपला आहे त्याच्यावर येत नाही. वही ही जितकी पाहुण्याच्या सोयीची तितकीच घरमालकाच्या. आपल्याच गुजरात उच्च न्यायालयाने १९९८ साली दोन इराकी निर्वासितांच्या प्रकरणात हाच तोल सांभाळला होता: घटनेचे २१ वे कलम नागरिकापुरते नाही, ते ‘व्यक्ती’ला आहे, जेथे जीव धोक्यात आहे तेथे माणसाला लोटू नये, मात्र त्याच्यापासून देशाच्या सुरक्षिततेला धोका नसावा. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रोहिंग्यांच्या बाबतीत हात आखडता घेतला, हे खरे. न्यायालये अशी मागेपुढे होतात, म्हणूनच कायदा लागतो.

कायद्याचा मसुदा नव्याने लिहायचीही गरज नाही. गुजरात उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि पुढे देशाचे सरन्यायाधीश झालेले पी. एन. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली नव्वदीच्या दशकात एक नमुना-कायदा तयार झाला होता. शशी थरूर यांनी २०१५ मध्ये खाजगी विधेयक आणले होते. दोन्ही तशीच पडून आहेत. मला हवे आहे ते त्यांतले मुख्य मुख्य: अर्ज घेणारा अधिकारी प्रत्येक राज्यात असावा, केवळ दिल्लीत नव्हे, सुनावणी मुदतीत व्हावी, निर्णय लागेपर्यंत अर्जदाराला कोठडीत टाकू नये आणि परत पाठवू नये, मान्य झाल्यास राहण्याचा, शिकण्याचा व काम करण्याचा कागद मिळावा, आणि देश व धर्म न पाहता मिळावा. ज्याचा अर्ज खोटा ठरेल त्याने परत जावे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मार्च २०२२ मध्ये युक्रेनच्या लोकांसाठी युरोपने काही दिवसांत तात्पुरत्या संरक्षणाचा हुकूम काढला आणि लाखो माणसांना सामावून घेतले. अमेरिकेत असा कायदा १९९० पासून आहे, सोमालियाला तो १९९१ मध्येच लागू झाला होता. अलीकडे तेथले वारे उलटे फिरले आहे, पण म्हणून आपणही तिकडेच तोंड करावे असे नाही.

बडोद्यातल्या जुन्या मंडळींना हे परक्यांचे प्रकरण वाटले, तर एवढेच आठवून देतो की पिलाजीरावांच्या घोडदळाबरोबर आपले पूर्वज सोनगडच्या वाटेने या प्रांतात उतरले, तेव्हा त्यांच्या हाती परवाना नव्हता, भाला होता. गुजरातने त्यांना ठेवून घेतले. आपण आता येथले जुने रहिवासी म्हणवतो, आणि ते म्हणवून घेण्याचा अधिकार तीनशे वर्षांनी आपल्याला मिळाला आहे यात शंका नाही.

कायदा व्हायला वर्षे लागतील. तोवर गृहखात्याला एक गोष्ट लेखणीच्या एका फटकाऱ्यासरशी करता येईल: सुदानसारख्या युद्धात सापडलेल्या देशांचे जे विद्यार्थी व रुग्ण आज येथे आहेत, त्यांचा व्हिसा पासपोर्टाची मुदत संपली तरी युद्ध मिटेपर्यंत दर वर्षी वाढवून द्यावा, आणि त्यासाठी त्यांच्या मोडलेल्या सरकारचा कागद मागू नये. २०२३ च्या एप्रिल-मे महिन्यांत आपल्या आरमाराने आणि विमानदलाने ‘कावेरी’ मोहिमेत सुदानमधून सुमारे ३,८०० हिंदी माणसे जेद्दामार्गे घरी आणली. तेव्हा तेथल्या परिस्थितीविषयी आपल्या सरकारला कोणतीही शंका नव्हती. सुरतेच्या हिरे व्यापाऱ्यांच्या संस्थांनी आणि येथल्या खासदारांनी या मागणीचा एक अर्ज दिल्लीला धाडावा. किंबर्लीचे कागद भरण्यात ज्यांचा हात बसला आहे, त्यांना तो लिहायला एक दुपार पुरेल.